ज्याचा त्याचा मजला

माझ्या नाकावर राग असतो हे मी आधीच सांगून टाकते, नाहीतर इमारतीतलं कुणीतरी सांगेलच. सहाव्या मजल्यावर राहते, कपडे शिवते, उसवते, आखूड-लांब करते. माझ्या मागे सगळे मला टाचणी म्हणतात. म्हणोत बापडे. पाचव्या मजल्याशी माझं वाळत घातलेल्या कपड्यांच्या पाण्यावरून वाजलेलं, चौथ्याशी रेडिओवरून, दुसऱ्याशी कशावरून ते आता त्यांनाही आठवत नाही आणि मलाही. आणि तिसऱ्या मजल्यावर एक आहे, ऑफिसात साफसफाईला जाते, तिच्याशी तर अकरा वर्षं बोलणंच बंद. तिच्या मुलीच्या लग्नाचा पोशाख मी शिवला, तो दंडात घट्ट झाला. ती म्हणाली माप चुकलं. मी म्हणाले, टेप खोटं बोलत नाही, तुमच्याकडे जेवण जास्त होतं. जिभेला हाड नसतं म्हणतात, माझ्या जिभेला लगामही नाही.

आमचे हे बस चालवायचे. आता दोन्ही किडन्या निकामी झाल्यात. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. सकाळी सातला दवाखान्याची गाडी फाटकाशी येते, दहा मिनिटं थांबते आणि निघून जाते. एक पाळी चुकली तर सूज चढेल, लागोपाठ दोन चुकल्या तर फुप्फुसात पाणी भरेल आणि मग आमच्या हातात काही राहणार नाही, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. तोवर लिफ्ट चालू होती म्हणून सगळं निभत होतं. मग एका शुक्रवारी दुपारी हे घरात पोचले आणि तासाभराने लिफ्टची मोटार जळली. इमारतीच्या ऑफिसात विचारलं तर तीन-चार महिने धरा म्हणाले, अगदी सहज. ह्यांचं वजन ब्याण्णव किलो, गुडघे कामातून गेलेले, चार पायऱ्यांत धाप लागते. आणि खाली उतरायला पायऱ्या शहाण्णव.

रविवारी फॉर्मवाली ताई आली. ही कुठल्याशा संस्थेची पोरगी, पंचविशीची, पायात कापडी बूट. आमच्यासारख्या वस्त्यांत फिरायची आणि लोकांनी एकमेकांसाठी थोडा वेळ द्यावा, स्वयंसेवक व्हावं, म्हणून फॉर्म भरून घ्यायची. महिन्याभरात तिचे तीन फॉर्म भरले होते. मी तर तिला दारातूनच परत पाठवलं होतं. आमच्याकडे द्यायला असतं काय, वेळ? तो सकाळी साडेपाचच्या बसमध्ये चढून जातो, संध्याकाळी परत येतो तेव्हा त्याच्यात काही उरलेलं नसतं. पण अडला हरी गाढवाचे पाय धरी. ह्या वेळी मीच तिला आत बोलावलं आणि सगळं सांगितलं.

तिने लगेच खाली भिंतीवर कागद लावला. चार धडधाकट माणसं हवीत, आठवड्यातून तीन सकाळी. मी कागद वाचला तेव्हाच कळलं की ह्यातून काही निघणार नाही. आमच्या इमारतीत जो धडधाकट आहे तो सहाच्या आत कामावर गेलेला असतो. रात्रीपर्यंत दोन नावं लागली. एक वॉचमन, जो रात्रपाळी करून परत येतो, आणि एक रंगारी, ज्याला त्या आठवड्यात काम नव्हतं. उरलेली दोन माणसं म्हणजे ताई आणि मी.

सोमवारी ह्यांना हातांच्या लाकडी खुर्चीत बसवून आम्ही निघालो. तिसऱ्या मजल्यापर्यंत आलो. तिथे वॉचमनची कंबर धरली आणि तो भिंतीला टेकून खालीच बसला. रंगाऱ्याचे हात लटलट कापत होते. खाली गाडीने दोनदा हॉर्न दिला. तिसऱ्यांदा दिला नाही. गाडी गेल्याचा आवाज आम्ही चौघांनी ऐकला आणि हे खुर्चीत बसून, दुसऱ्यांच्या दारासमोर, सगळ्यांची माफी मागत राहिले. माझा तोल सुटला. ताईला नको नको ते बोलले. तुझ्या फॉर्मचं लोणचं घाल म्हणाले. पोरगी मान खाली घालून ऐकत होती.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचं ते दार उघडलं. ती बाहेर आली, माझ्याकडे बघितलं नाही. ह्यांना पाणी दिलं, वॉचमनला दिलं, ताईला दिलं. मला नाही. मग ताईला म्हणाली, "सकाळ मागितलीत तर कोण देईल? सकाळ कुणाकडेच नाही. मजला मागा. माझ्या दारापासून खालच्या दारापर्यंत, सोळा पायऱ्या. तेवढं मी देते."

 ताईने तिथेच पायरीवर बसून हातातला कागद उलटा केला आणि सहा मजल्यांच्या सहा रेघा मारल्या.

वर न्यायला संध्याकाळपर्यंत माणसं नव्हती. दिवसभर हे तिच्या घरात बसले, तिच्या म्हाताऱ्या आईच्या खाटेशेजारी. आई दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली, पण तोंडाने खणखणीत. आतून हसण्याचे आवाज येत होते. मी बाहेर जिन्यात बसून होते. कुणी आत ये म्हटलं नाही आणि मीही गेले नसते. ताई मात्र दारोदार फिरत होती.

मंगळवारी मी खुर्चीला जाड कॅनव्हासचे चार पट्टे शिवले, हाताला धरायला. शिवताना एकच विचार डोक्यात होता, उद्याची चुकली तर दोन होतील. ह्यांचे पाय सुजून बोट दाबलं की खड्डा राहत होता. खरं सांगते, माझा कुणावर भरवसा नव्हता. ज्या लोकांना मी वर्षानुवर्षं टोचलं, ते माझ्या नवऱ्यासाठी सकाळी साडेसहाला उठून का उभे राहतील? कोण येणार नाही आणि त्याला काय बोलायचं, हेसुद्धा मी ठरवून ठेवलं होतं.

बुधवारी आमच्या मजल्यावरच्या चौघांनी खुर्ची उचलली. वळणावर आलो आणि मी खाली बघितलं.

पाचव्या मजल्यावर चार बायका उभ्या होत्या. एकीचे केस ओले, एकीच्या हाताला पीठ. ज्यांच्या डोक्यावर माझ्या कपड्यांचं पाणी गळतं त्याच ह्या. त्यांनी पट्टे हातात घेतले आणि आमच्या मजल्याचे चौघे तिथून परत फिरले. चौथ्यावर एकीने कडेवरचं मूल शेजारच्या दारात ठेवलं आणि पट्टा धरला. रेडिओवाल्या आजोबांना उचलवत नाही, तर ते कठड्याला धरून पायऱ्या मोजत होते, एक, दोन, तीन, म्हणजे सगळ्यांचे पाय बरोबर पडावेत. त्यांनी रेडिओ बंद ठेवला होता. तिसऱ्यावर ती होती, पुढचा डावा पट्टा तिचा. दुसऱ्यावर बेकरीतून रात्रपाळी करून आलेला भटारी आणि त्याचे भाऊ. पहिल्यावर शाळेच्या गणवेशात दोन मुली, त्यांची मावशी आणि आमचा रंगारी. मी खुर्चीच्या मागे रिकाम्या हातांनी चालत होते आणि प्रत्येक वळणावर वाटत होतं, आता खाली कुणी नसेल. प्रत्येक वळणावर चौघं होते.

फाटकाशी पोचलो तेव्हा गाडी यायची होती. सात वाजायला चार मिनिटं. मी तिथेच उभी राहून रडले. राग आला की मी रडतेच, पण हा राग नव्हता. सगळी इमारत माझ्या नवऱ्याला तळहातावर झेलत खाली घेऊन आली होती आणि मला तिच्यातल्या अर्ध्या लोकांविषयी धड माहितीही नव्हती. कोण कधी कामाला जातं, कुणाची पाठ दुखते, काही नाही. दुपारी एकला वर नेताना वेगळेच चेहरे उभे. चढताना दम लागत होता, तरी प्रत्येकाला आपल्या सोळाच पायऱ्या होत्या. महिनाअखेरीस ताईच्या कागदावर एक्केचाळीस नावं झाली. ती म्हणाली, मी चार वर्षं लोकांकडे चुकीची गोष्ट मागत होते.

सहा आठवडे एकही पाळी चुकली नाही. ह्यांची सूज उतरली. वर येताना हे हटकून तिसऱ्यावर खुर्ची थांबवायला लावायचे आणि दारातूनच म्हातारीशी दोन शब्द बोलायचे. मी तेवढ्यात भिंतीकडे बघायची. पाचव्याशी, चौथ्याशी माझं बोलणं सुरू झालं होतं. तिच्याशी नाही. आभार मानायचे तर आधी ते अकरा वर्षांचं काय करायचं, तेच कळत नव्हतं.

सातव्या आठवड्यात, शुक्रवारी, आम्ही तिसऱ्यावर पोचलो तर तिघंच उभे. पुढचा डावा पट्टा रिकामा. दार अर्धवट लोटलेलं. घड्याळात सहा बावन्न. माझ्या तोंडून निघून गेलं, आणि हळू नाही, चांगलं मोठ्याने, "आजच झोप लागायची होती हिला."

ती बाहेर आली. दोन्ही हात कोपरापर्यंत ओले होते. टॉवेलला पुसले, पट्टा धरला, सोळा पायऱ्या उतरली, दुसऱ्याच्या हातात पट्टा दिला आणि वर निघून गेली. रोजच्यासारखीच, एकही पाय चुकला नाही. मी तिच्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही.

फाटकाशी भटाऱ्याने सांगितलं. पहाटे पाचला तिची आई गेली होती. ती आईचं अंग पुसत होती.

गाडीत मी ह्यांच्या शेजारी बसले होते. हे खिडकीबाहेर बघत होते. तिकडेच बघत म्हणाले, "तू बोललीस ते तिला ऐकू गेलं." बस, एवढंच. चार तास मशीन फिरत होतं आणि मी समोरच्या भिंतीकडे बघत बसले. आईला तसंच ठेवून ती उठली होती. माझ्या माणसाची पाळी चुकू नये म्हणून. आणि मी काय बोलले होते.

एकला परत आलो. तिसऱ्यावर ह्यांनी खुर्ची खाली ठेवायला लावली. म्हणाले, मी इथेच थांबतो, म्हातारीला जाऊ दे आधी. म्हातारीला न्यायला गाडी आली होती. गाडीवरचे दोघं स्ट्रेचर वर घेऊन आले आणि म्हणाले, हा जिना अरुंद आहे, दोघांचं काम नाही. ताई काही सांगायला पुढे झाली, पण सांगायची गरज नव्हती. दुसऱ्या मजल्यावर चौघं आधीच येऊन उभे होते. पहिल्यावरही. तिसऱ्याच्या तिघांनी दांडे धरले आणि चौथा दांडा धरायला ती वाकली, पुढचा डावा.

सहावा मजला ह्या वाटेवर येत नव्हता. आमच्या मजल्याचं तिथे काही काम नव्हतं.  मी पुढे गेले आणि तिच्या हाताशेजारी दांड्यावर हात ठेवला.

"सोड," मी म्हणाले. "आज तिसरा मजला माझा. तू आईबरोबर चाल."

तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा, सरळ. मला वाटलं नाही म्हणेल, आणि म्हटलं असतं तर बरोबरच होतं. मग तिने हात काढला. आईच्या कपाळावर ठेवला आणि बाजूने चालू लागली. आम्ही उचललं. म्हातारी अगदी हलकी होती. वरून आजोबा मोजायला लागले, एक, दोन, तीन.

"पाचवी पायरी फुटलीय," ती मला म्हणाली. "पाय जपून टाक."

मी जपून टाकला.