वर्गात वाजलेली घोडदळाची लय

मित्रांनो, मी एक जुना बेरिंबाऊ आहे. वाकवलेली काठी, तिला ताणलेली तार आणि खाली बांधलेला सुका भोपळा, एवढाच माझा संसार. पण कपोएराच्या, म्हणजे नाचासारख्या दिसणाऱ्या लढाईच्या खेळाच्या, रिंगणात माझाच हुकूम चालतो. मी संथ वाजलो की खेळणारे संथ होतात, मी थांबलो की भलेभले थांबतात. स्वभावाने मात्र मी संशयी आहे, हे आधीच सांगितलेलं बरं.

मला साल्वादोर शहरात, आज मला वाजवणाऱ्या उस्ताद जेनिल्दोंच्या आजोबांनी बनवलं. तार त्यांनी एका फाटक्या टायरमधून सोलून काढली. त्या काळी हा खेळ खेळणाऱ्यांना पोलीस धरून नेत. म्हणून आजोबा वाजवताना रस्त्यावर नजर ठेवत आणि गणवेश दिसला की माझ्यातून घोड्यांच्या टापांसारखी लय काढत. तिला घोडदळाची लय म्हणतात. ती ऐकताच रिंगण मोडे. कुणी मासे विकायला बसे, कुणी उगाच आभाळाकडे बघत शीळ घाली. असं आयुष्य काढल्यावर मी कुणावर विश्वास ठेवणार?

त्यामुळे उस्ताद मुलांना कपोएरा शिकवायला मला शाळेत घेऊन निघाले, तेव्हा मी चरकलोच. ज्या खेळासाठी पोलीस धरून नेत, त्याला आज शाळेत पायघड्या कशा? मुख्याध्यापिका नेउझाबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, "एका जरी पालकाची तक्रार आली, तर हा तास बंद. मला नसती कटकट नको."

मुलंही माझ्याकडे दुरूनच बघत होती.

"उस्ताद, हा भोपळा चावतो का हो?" ताइनारा नावाच्या मुलीने विचारलं.

"गृहपाठ न करणाऱ्यांना चावतो."

वर्ग हसला. बाकं भिंतीला लागली आणि फरशीवर रिंगण उभं राहिलं. ताइनारा तर हातांवर उलटी होऊन अशी काही फिरायची की मी माझा संशय विसरायचो. घोडदळाची लयही मुलं हौसेने शिकली.

पण ताइनाराचे वडील एदिवाल्दो यांना हे मुळीच पसंत नव्हतं. ते बँकेत पहारेकरी होते. फाटकापाशी त्यांनी उस्तादांना गाठलं.

"नाच कसला, भुताखेतांचा बाजा आहे तो! उद्या माझ्या पोरीच्या अंगात आलं म्हणजे?"

"एकदा येऊन बघा, भाऊ."

"येईन. न सांगता येईन."

आणि ते आले. रिंगण रंगात होतं. दारात अचानक निळा गणवेश दिसला आणि उस्तादांच्या हाताने, त्यांना न विचारताच, घोडदळाची लय धरली. झालं! मुलं पटापट बाकांवर. पुस्तकं उघडली, माना खाली गेल्या. ताइनाराचं पुस्तक तर उलटं होतं.

"काय लपवताय?" एदिवाल्दो कडाडले. "वाईट नाही म्हणता, मग मला बघून लपलात का? आत्ताच जातो मुख्याध्यापिकेकडे!"

संपलं सगळं, असं मला वाटलं. तेवढ्यात ताइनारा उठली.

"पप्पा, ही लय पोलीस आल्यावर वाजवतात. आता कुणी पकडत नाही, पण उस्तादांना तुमचा गणवेश दिसला ना."

"मी काय पोलीस आहे तुझा?"

ताइनाराचे डोळे भरले होते.

एदिवाल्दोंनी टोपी काढून काखेत धरली. मग मुलांच्या बुटक्या बाकावर कसेबसे बसले. "खेळा," ते म्हणाले. "पण मी इथून हलणार नाही. सगळं बघणार आहे."

मी पुन्हा वाजू लागलो. ते माझ्यावर नजर ठेवून होते आणि मी त्यांच्यावर. तास संपेपर्यंत ते एकदाही हसले नाहीत. पण त्यांचा बूट फरशीवर माझा ठेका धरत होता, हे मी पाहिलं.

शेवटी ते माझ्यापाशी आले, बोटाने तार दाबून पाहिली. "ही अशीच ताणून ठेवता?"

"छे!" ताइनारा म्हणाली. "काम झालं की सैल करायची. नाहीतर काठी कायमची वाकते आणि आवाज जातो. गुडघ्याने काठी दाबा, पप्पा. हं, आता सोडा."

त्या वजनदार माणसाने अगदी जपून माझी तार सोडली. माझी पाठ सरळ झाली. मित्रांनो, तुमच्या शाळेत माझ्यासारखा कुणी आला, तर खुशाल संशय घ्या, पण बाकावर बसून नीट बघा. आणि वाजवून झालं की तेवढी माझी तार सैल करायला विसरू नका.