साच्यावरचा अंगठा

लेन्सच्या मधोमध केसाहून बारीक ओरखडा होता. एका लेन्सवर नाही, सकाळपासून निघालेल्या चारशेच्या चारशे लेन्सवर, अगदी त्याच जागी. तपासणीची खुर्ची माझी, त्यामुळे ही वाईट बातमी धाकट्या भावाला, म्हणजे मालकाला, मलाच द्यावी लागली.

आम्ही डॉक्टरांच्या उपकरणांसाठी प्लॅस्टिकच्या लेन्स बनवतो. साच्याचा आरशासारखा भाग हिऱ्याच्या टोकाने कापलेला असतो. त्यावर धूळ बसली तर हवेने उडवायची, बोट लावायचं नाही. हा नियम आमच्याकडे चहा देणाऱ्या बाईंनाही पाठ आहे.

भावाने सगळ्यांना मशीनपाशी बोलावलं. राग त्याच्या कायम नाकावरच. "साच्याला हात कोणी लावला?"

मशीन पोपट नावाचा आमचा कामगार चालवतो. एरवी त्याला गप्प बसवता बसवता नाकी नऊ येतात, आज तो खाली मान घालून उभा होता. भावाला तेवढं पुरलं.

"आठ वर्षं झाली तुला इथे! उद्यापासून येऊ नकोस."

हात कोणी लावला, ते मला माहीत होतं. सकाळी दारातून मी पाहिलं होतं. आप्पांनी, आमच्या वडिलांनी, साच्यावरून अंगठा फिरवला होता. चाळीस वर्षं त्यांनी पोलादी साचे अंगठ्यानेच पारखले. हात आपोआप फिरला असणार, त्यांना आठवतही नसेल. पण हा साचा मऊ निकेलचा. मी तेव्हाच ओरडायला हवं होतं. आप्पांना कोण सांगणार, म्हणून तोंडात मिठाची गुळणी धरली. आत्ताही धरलीच होती. भित्री मेली मी!

पोपट डबा उचलून निघाला. तेवढ्यात आप्पा पुढे झाले आणि माझ्या तपासणीच्या सूक्ष्मदर्शकावर वाकले. मग त्यांनी आपला अंगठा ओरखड्याच्या रेषेत हवेतच फिरवून पाहिला.

"अंगठा माझा आहे," ते म्हणाले. "त्याला थांबव. काढायचंच असेल तर मला काढ."

मी पोपटच्या मागे दारापर्यंत धावले.

"अरे, सकाळी तू तिथेच होतास ना? मग बोलला का नाहीस?"

"मशीन मला आप्पांनी शिकवलं, ताई. त्यांचं नाव मी कसं घेणार?" त्याने डबा खाली ठेवला. "तुम्ही दारात होतात, ते मी पाहिलं होतं. म्हटलं, लेक आहे, ती घेईल."