कोळशाच्या रेघा

गावोगावचं ऊन मोजणाऱ्या प्रभाकररावांनी कागदी पट्ट्यांचा गठ्ठा ओसरीवर मोकळा केला आणि त्यातल्या अकरा वेगळ्या काढून पितळी पेल्याखाली दाबून ठेवल्या.

"ह्या बाद. मागे तारीख नाही, आणि बाकीच्यांशी जुळतही नाहीत."

कोकिळा आठ महिन्यांच्या मुलीला मांडीवर थोपटत समोर बसली होती. दोन महिने रोज दिवस मावळला की अंगणातल्या काचेच्या गोळ्यामागची जाड कागदाची पट्टी काढायची, मागे तारीख लिहायची, नवी सरकवायची, हे काम तिने अंगावर घेतलं होतं. ऊन असेतोवर गोळ्यातून पडणारा उन्हाचा टिपका पट्टीवर करपलेली रेघ ओढत जाई. रेघ जितकी लांब, तितकं गावाला ऊन जास्त.

"तुमची रेघ नऊला सुरू होते," प्रभाकरराव चष्मा पुसत म्हणाले. "डोंगर नऊपर्यंत ऊन अडवतो. लागतं त्याहून ऊन अर्धा तास कमी पडतंय. उन्हावर चालणारा लशीचा फ्रिज मग दुसऱ्या गावाला जाईल."

नर्सबाई थर्मासात लस घेऊन निघायच्या. पण उन्हाळ्यात वाटेतल्या हिंगणीच्या पुढे बर्फच टिकत नसे, आणि लस ह्या गावापर्यंत पोचत नसे.

सुपात तूर पाखडणाऱ्या देवकाबाईंनी, कोकिळाच्या सासूने, मान वर केली. "डोंगर का काल आला, साहेब? आठच्या गाडीचा धुरया बसत नाई तं ऊन अंगणात राह्यते. तुमची काचच झोपून राह्यली असन."

"डोंगराचा कोन मोजला तेव्हा माझं गणितही सव्वाआठच सांगत होतं, आजी. पण कागदाला काय म्हणू?"

कोकिळाचं थोपटणं थांबलं. तिने पेला सरकवला, एक पट्टी उलटी केली. मागे कोळशाची एक रेघ. दुसरीवर दोन. शेवटचीवर अकरा.

"ह्या बिघडल्या नाई, साहेब. पोरीले डांग्या खोकला झालता, मी सेवाग्रामच्या दवाखान्यात होती. अकरा दिवस. तवा पट्टी ह्या आत्याबाईनं बदलवली. त्याइले लिहिता येत नाई."

"मग बाकीचे दिवस?"

तिने मुलीच्या टाळूवर हात ठेवला.

"रोज तेल लावून पोरीले तिथंच उन्हात धरतो. ती काच कागद जाळते, अन् पोरगी तिच्याकडंच पाहे. डोयाले इजा होईन म्हणून मी त्या काचेवर दुपटं टाकत होती. नऊ वाजेपर्यंत." आवाज खाली गेला. "गावाचं ऊन मीच झाकलं जी."

देवकाबाईंचं सूप थांबलं. कोळशाच्या रेघा मोजत प्रभाकररावांनी अकरा पट्ट्या एकाखाली एक लावल्या. सगळ्या सव्वाआठला करपायला लागलेल्या. अकराही सकाळी म्हातारीचं म्हणणं खरं ठरलं होतं. त्यांनी एक पट्टी उचलून दोन्ही हातांवर धरली, जशी कोकिळा मुलीला धरत असे.

"परवा अहवाल द्यायचा आहे. आज इथंच मुक्काम करतो. उद्या डोळ्यांनी पाहतो."

"पाहा. भाकर आहे, पिठलं आहे," देवकाबाई म्हणाल्या. "अन् डोंगरही कुठं जात नाई."

दुसऱ्या दिवशी आठची गाडी गेली. धुरळा अजून रस्त्यावर तरंगत होता तोच डोंगराच्या खाचेतून ऊन अंगणात उतरलं. प्रभाकररावांनी घड्याळ पाहून वहीत आकडा लिहिला. मग निरीक्षकाच्या रकान्याशी पेन थांबलं.

"आजी, पूर्ण नाव सांगा."

"माहं? काऊन?"

"सांगा तर."

भिंतीशी बसलेल्या कोकिळाच्या मांडीवर तेलाने चमकणारी मुलगी काचेकडे झेपावत होती. कोकिळाचा हात सवयीने दुपट्याकडे गेला. तिथेच थांबला. मग तिने तळहात मुलीच्या डोळ्यांवर धरला.

काचेमागे धुराचा बारीक धागा उठला.