शेंड्याचं पाणी पहिलं

वासुदेवराव मास्तर गेल्याच्या सहाव्या दिवशी सकाळी त्यांच्या ओसरीवर नागपूरहून आलेले त्यांचे जुने विद्यार्थी ओळीनं बसले होते आणि एकजात सगळे एकच म्हणत होते, सर किती शांत! मास्तरांच्या पत्नी आनंदाबाई आत भिंतीला टेकून ऐकत होत्या आणि मनातल्या मनात चडफडत होत्या. शांत काय शांत! शांत राहता राहता त्या माणसाचा जन्म गेला, हे या बूटवाल्यांना कोण सांगणार?

वासुदेवराव नऊ वर्षांचे होते, तेव्हा सानगडीच्या शिवारातल्या गावतलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, पाण्याच्या भांडणात, त्यांच्या सख्ख्या काकाचं डोकं कुऱ्हाडीनं दुभंगलं. पोरानं ते डोळ्यांनी पाहिलं. पुढे तेच पोर इंजिनिअर झालं. नागपूरच्या कॉलेजात चौतीस वर्षं पाण्याचंच गणित शिकवलं, पण दर शनिवारी शेवटची एस.टी. पकडून गावी हजर. पोरांच्या वह्यांना कव्हरं घालायची, बायकोच्या डोळ्यांत धूर जातो म्हणून चुलीचं धुराडं तीनदा पाडून नव्यानं बांधायचं, नात गुड्डीच्या दोन्ही वेण्या फूटपट्टीनं मोजून सारख्या करायच्या. एक्याण्णव वर्षं जगले, पण घरात कोणावर हात म्हणून उगारला नाही.

तलावाचं दार, म्हणजे तुडुम, उघडायचा मान याच घराचा. नोकरी संपवून गावी आल्यावर मास्तरांनी रीत घातली: पहिलं पाणी शेंड्याला, म्हणजे पाटाच्या पार टोकाच्या धानाच्या बांधीला, आणि तुडुमाजवळच्याला सगळ्यात शेवटी. स्वतः छत्री घेऊन पाळीवर बसायचे. जवळच्यांनी कुरकुर केली, शिव्या दिल्या, पण तेव्हापासून त्या पाळीवर रक्ताचा थेंब पडला नाही.

आणि पोरानं काय करावं? थोरल्या चंद्रकुमारनं जाहीर करून टाकलं, घराला सुतक आहे, तेरवीपर्यंत तुडुमाला कोणी हात लावणार नाही. बापाचा मान राखतोय म्हणे! गावानंही माना डोलावल्या. इकडे धान निसवायला आलेला, लोंब्या बाहेर पडायला पाणी मागत होता. आनंदाबाईंना हे कळत होतं, पण दुःखात तोंड उघडवलं नाही. त्याचा त्यांना नंतर फार राग आला, स्वतःचाच.

"काकू! अवं काकू!" कौशल्याबाई अंगणातूनच बोंबलत आली. शेंड्याला तिची दीड एकर जमीन, त्यावरच तिचं सगळं. "तुलारामनं तुडुम खोलला! सारं पाणी आपल्याच बांधीत घेऊन राहिला! सूरज आडवा गेला, त्याले मारून राहिले वं!"

सूरज म्हणजे चंद्रकुमारचा पोरगा, मास्तरांचा नातू. आनंदाबाई उठल्या.

"आई, सुतक आहे," चंद्रकुमार आडवा आला.

"धानाले कोणतं सुतक बे? सरक तिकडं!"

दारातल्या बैलगाडीची उभारी, कडेचा जाड दांडा, त्यांनी उपसली आणि चौऱ्याऐंशी वर्षांची ती बाई अनवाणी चालत सुटली. मागे कौशल्याबाई, तिच्यामागे पोराच्या नावानं ओरडत धावणारा चंद्रकुमार, आणि सगळ्यात मागे ते विद्यार्थी.

पाळीखाली चिखलात सूरज पालथा पडला होता. कानामागून रक्त वाहत होतं आणि पाटाचं पाणी त्यानं लाल झालं होतं. तुलाराम, तुडुमाजवळच्या बारा एकरांचा धनी, हातात फावडं घेऊन त्याच्या पाठीवर पाय देऊन उभा. त्याचा पोरगा प्रवीण बाजूला लाठी घेऊन.

"तुमचा मास्तर मेला, आता त्याची रीतबी मेली!" तुलाराम ओरडला आणि त्यानं फावडं पुन्हा उचललं.

आनंदाबाईंची उभारी त्याच्या मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज पाळीवरच्यांनाही ऐकू आला. प्रवीणनं म्हातारीला ढकललं, त्या पडल्या, तशी कौशल्याबाईनं त्याच्या दंडाचा लचका तोडला. शेंड्याच्या बाया विळे घेऊन बांधावरून धावत आल्या. प्रवीण लाठी टाकून पळाला. आनंदाबाई उठल्या आणि त्यांनी उभारी तुलारामच्या गुडघ्यावर घातली, मग खांद्यावर, मग पाठीवर. तो रक्तबंबाळ होऊन खाली पडला तरी त्यांचा हात थांबेना.

"मारू नोका जी काकू! पाया पडतो!"

"माह्या नातवाच्या पाठीवर पाय देतं? देतं पाय?"

शेवटी कौशल्याबाईनं मागून कंबरेला मिठी मारली, तेव्हा कुठं उभारी हातातून गळाली. नाहीतर त्यांनी त्याला जिवंत सोडलं नसतं, हे त्यांचं त्यांनाच कळलं.

"पाहून काय राहिल्या?" त्या बायांवर खेकसल्या. "याच्या बांधीचं तोंड बुजवा! शेंड्याले सोडा पाणी!"

बायांनी चिखलाचे गोळे थापून तुलारामच्या बांधीचं तोंड बुजवलं. पाणी वळलं. एका विद्यार्थ्यानं गाडी पाळीखाली आणली. सूरज डोळे उघडून कण्हत होता. त्याला मागच्या सीटवर आडवं केलं आणि तुलारामलाही त्याच गाडीत कोंबलं. दुसरी गाडीच नव्हती. दोघं एकमेकांच्या रक्तात माखून साकोलीच्या दवाखान्याकडे गेले.

गाडीत जागा उरली नाही म्हणून चंद्रकुमार पाळीवरच उभा होता. "आई," तो म्हणाला, "बाबा असते तर काय म्हणाले असते?"

"ते असते तर मले लाठी धरा लागली असती का रे?" आनंदाबाई किंचाळल्या, आणि मटकन चिखलात बसून ऊर बडवायला लागल्या. "काहून गेले जी मले टाकून? तुमच्या पाळीवर म्या रक्त सांडलं जी! म्या सांडलं!"

कौशल्याबाई त्यांना पोटाशी धरून बसली. तिच्या बांधीत पाणी चढायला लागलं होतं, पण ती बघायला गेली नाही.