दुसरा कंटेनर

आमच्या घरात कामाची वाटणी सरळ होती. जपानी बोलायचं मी आणि वाचायचं माझ्या नवऱ्याने, उदयने. भाजीवाल्याशी, शाळेतल्या बाईंशी, शेजारच्या आजींशी गप्पा मारत मी भाषा शिकले. त्यामुळे तोंड चुरूचुरू चालतं, पण छापील कागद समोर आला की डोळे फिरतात. उदयचं उलट. कंपनीच्या परीक्षेसाठी त्याने ती सगळी अक्षरं घोटली, पण समोरचा माणूस भरभर बोलायला लागला की हा नुसता "हाय, हाय", म्हणजे हो, हो, म्हणत मान डोलावतो. "आम्ही दोघं मिळून एक जपानी माणूस होतो," असं मी पाहुण्यांना सांगायचे आणि सगळे हसायचे. मीसुद्धा हसायचे, मूर्खासारखी.

जपानमधल्या इचिकावा शहरातलं हे जुनं लाकडी घर आम्ही तीन वर्षांपूर्वी घेतलं, दोघांच्या नावावर. भूकंपाच्या देशात डोक्यावर मातीची जड कौलं होती, आणि ती गळायलाही लागली होती. या वर्षी उदय आपणहून म्हणाला, छप्पर बदलू या. मला कोण आनंद झाला. नव्या हलक्या पत्र्यांचा रंग ठरवायला मी तीन रविवार घालवले. नमुने घेऊन समोरच्या फुटपाथवर उभी राहायचे आणि मान वर करून पाहायचे. शेवटी गडद हिरवा घेतला. या घरात म्हातारी होणार होते मी, रंग काही उगाच निवडला नव्हता.

त्याच दिवसांत एकदा उदयने जेवणाच्या टेबलावर कागद पसरले. "छपराचे आहेत. इथे, इथे आणि इथे हांको मार." हांको म्हणजे नावाचा शिक्का, इथे सहीच्या जागी तोच चालतो. मी पोळ्या लाटत होते. हात पुसले, तीन शिक्के मारले आणि परत पोळपाटाकडे वळले. काय लिहिलंय ते विचारलंही नाही.

छप्पर उतरवणारे कुबोसान सत्तरीचे, एकट्याने काम करणारे. त्यांच्या छोट्या ट्रकमध्ये कौलं मावणार नव्हती, म्हणून कंटेनर वेगळा भाड्याने सांगायचा होता. फॉर्म उदयने भरला. शनिवारी सकाळी उदय ऑफिसला गेला आणि थोड्या वेळाने कंटेनर आला. इशिदासान नावाच्या ड्रायव्हरने तो लोखंडी डबा दारात अलगद उतरवला, टोपी काढून वाकला आणि म्हणाला, "यात फक्त कौलं टाका. दुसरा नऊ मेला आणतो."

"दुसरा कशाला? आमची एवढीच कौलं आहेत," मी म्हटलं.

त्याने खिशातून फॉर्म काढून माझ्यापुढे धरला. खाली उदयचा शिक्का होता, तेवढा मला कळला. बाकीचं वाचून दाखवा, असं मी त्याला सांगितलं. त्याने शाळेतल्या मुलासारखं मोठ्याने वाचलं. पहिला कंटेनर, छपराची कौलं. दुसरा कंटेनर, कपाटं, पलंग, गाद्या, घरातलं उरलेलं सर्व सामान. कारण, घर विकलं जात असून दहा मेला रिकामं करून नव्या मालकांच्या ताब्यात द्यायचं आहे.

वाचता वाचता त्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याचा आवाज उतरला. "माफ करा," तो म्हणाला. त्याने कसली माफी मागायची? मी त्याला चहा विचारला. तो नको म्हणाला आणि निघून गेला.

मी तिथेच पायरीवर बसले. डोक्यात एकच प्रश्न होता. विकायचं तर एजंटाशी बोलावं लागतं. उदयच्या वतीने बोललं कोण?

आमची मुलगी केतकी आतून आली. दहा वर्षांची आहे, मराठीत विचारलं तरी जपानीतच उत्तर देते. मी विचारलं, "बाबांबरोबर तू कुठे गेली होतीस का गं? कुणाशी बोलायला?"

ती जपानीत म्हणाली, "दोनदा. बाबा म्हणाले, आईला सरप्राइज आहे, सांगू नकोस." आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहून रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं. तिच्यावर कशी रागावणार? पण त्या क्षणी उदयचा मला जेवढा राग आला, तेवढा आयुष्यात कुणाचा आला नव्हता.

दुपारी उदय आला तेव्हा कुबोसान छपरावर कौलं काढत होते. मी फॉर्मचं नाव काढताच खुर्चीत बसला.

"प्रोजेक्ट क्लोज होतोय, नयना. इथली अर्धी टीम परत चाललीये. पुण्यात मॅनेजरची पोझिशन देतायत, मी हो म्हणून टाकलंय. बायर चांगला मिळाला, त्याची एकच कंडिशन होती, नवीन छप्पर."

"आणि ते तीन शिक्के?"

"एक छपराचा होता. दोन एजंटच्या पेपर्सवर."

"मला रंग निवडायला लावलास."

"तू एवढी खूश होतीस. मला सांगवेना."

"मला विचारायचं तरी."

"तू नाही म्हणाली असतीस," तो म्हणाला. अगदी शांतपणे, जणू हेच सगळ्याचं उत्तर होतं. आणि होतंच ते. मी नाही म्हणेन हे त्याला माहीत होतं, म्हणून त्याने मला विचारलंच नाही. माझ्या तोंडाची जागा त्याने माझ्याच मुलीला दिली.

तेवढ्यात फोन वाजला. उदयने उचलला, "हाय, हाय" म्हटलं आणि सवयीने रिसीव्हर पुढे केला. माझ्याकडे नाही, केतकीकडे. ती माझ्यामागे सरकली. मी तो त्याच्या हातातून काढून घेतला.

एजंटच होता. सोमवारच्या करारासाठी दोघांनीही यावं, असं सांगत होता. मी नीट आदराची भाषा वापरून बोलले. या घराची निम्मी मालकीण बोलते आहे. शिक्का माझा आहे, पण तो कशावर मारला हे मला आज कळलं. मी घर विकत नाही. एजंटाने माफी मागितली, दोन प्रश्न विचारले आणि मी त्यांची उत्तरं दिली.

उदय माझ्या तोंडाकडे पाहत होता. आम्ही भरभर बोलत होतो, त्याला काहीच कळत नव्हतं. मी फोन ठेवला.

"काय म्हणाला तो?" त्याने विचारलं.

मी केतकीला घेऊन कुबोसानांचा चहा करायला आत गेले. तो परत विचारत राहिला.