कोपी केल्याचे मान्य

गोजरबाईला राग यायला फार काही लागायचं नाही. पण त्या दिवशी जामखेडच्या कॉलेजात जो आला, तो काही असातसा नव्हता. आणि गंमत अशी, की प्राचार्यांच्या खोलीत शिरली तेव्हा बाई चक्क खुशीत होती. एसटीत लेक तिला म्हणाली होती, "आई, इंग्रजीच्या पेपरात मी आपल्या कोपीवर निबंध लिवला. सर इचारत व्हते, शब्द कुटनं शिकलीस. त्याच्यावरनंच बोलावलं आसंल." निबंधावरून आईला बोलावतात ते कौतुक करायलाच, दुसरं कशाला? गोजरबाई ठेवणीतलं पातळ नेसून आली होती.

कोपी म्हणजे ऊसतोडीला गेल्यावर रहायची खोप. बांबू आणि चटई, आत शिरायचं ते वाकून. दर दिवाळीनंतर गोजरबाई आणि तिचा नवरा बजरंग संगमनेरकडं ऊस तोडायला जायचे, आणि बारावीपर्यंत लेक सृष्टीही त्यांच्यासोबत. परीक्षेपुरती तेवढी गावाकडं. आता ती कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती आणि बापानं बजावून ठेवलं होतं, एकदा जरी वर्ष गेलं तर पुढच्या हंगामाला हातात कोयता.

टेबलामागं प्राचार्य सत्यशीला मॅडम बसल्या होत्या. शेजारी इंग्रजीचे बिभीषण सर, पुढ्यात सृष्टीचा पेपर.

सर म्हणाले, "मावशी, तुमच्या मुलीनं कॉपी केली आहे."

गोजरबाईचा चेहरा फुलला. "व्हय की. मागल्या साली ह्यांची कंबर धरल्ती, तवा तिनंच केली. एकटीनं. आमाला हात लावू दिला न्हाई."

"घ्या," सर मॅडमना म्हणाले, "आईच सांगते." आणि त्यांनी लगेच एका कागदावर लिहायलाही घेतलं.

सृष्टीचं तोंड पांढरं पडलं. "आई, कोपी न्हाई गं. कॉपी. मी बघून लिवलं म्हनत्यात ते."

गोजरबाईला आधी कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा कानशिलं तापली. बारावीच्या परीक्षेला शाळेच्या भिंतीवर चढणारी पोरं तिनं पाहिली होती. कॉपी काय असते हे काय तिला ठाऊक नव्हतं? पण डोक्यात कोपी घेऊन आलेली बाई, तिला कोपीच ऐकू आली. आपल्याच तोंडानं लेकीचं वाटोळं करून बसलो, हे मनात आलं आणि तिला आधी स्वतःचाच राग आला. मग सरांचा. तो मात्र उतरेना.

"कशावरनं म्हनता?" तिनं विचारलं.

"हे शब्द बघा," सर पेपरावर बोट आपटत म्हणाले. "माझ्या एमएच्या मुलांना येत नाहीत. ही म्हणते कादंबऱ्या वाचून शिकले. ठीक आहे, दाखव म्हटलं कादंबऱ्या. तर म्हणते जाळल्या."

"जाळल्याच," गोजरबाई म्हणाली. "मीच जाळल्या."

खरंच तिनंच जाळल्या होत्या. आठवडी बाजारातल्या रद्दीवाल्याकडनं तिनं तीन जाडजूड पुस्तकं आणली होती, कव्हरं फाटलेली, सगळी इंग्रजी. कशाला? चूल पेटवायला. थंडीत उसाचं पाचट दहिवरानं ओलं व्हायचं, पेटता पेटायचं नाही. सृष्टीनं पुस्तकं उघडली आणि आईशी भांडली. शेवटी तोड निघाली ती अशी: रोज दोन पानं चुलीला, पण वाचून झालेली. जी पानं उद्या जळणार त्यांतले शब्द आज डोक्यात गेलेच पाहिजेत. पोरगी मोळ्या बांधता बांधता पुटपुटायची. डिक्शनरी शाळेतल्या बाईंनी दिलेली, अर्धी कुरतडलेली. आणि पहाटे गोजरबाई काडी ओढायच्या आधी पोरगी त्या पानावरचे शब्द अर्थासकट तिला म्हणून दाखवायची. असे दोन हंगाम गेले. तिन्ही पुस्तकांची राख झाली, त्या राखेनं भांडी घासली.

हे सगळं गोजरबाईनं सांगितलं. सर हसले.

"मॅडम, गोष्ट छान आहे. पण हल्ली मोबाईलला विचारलं की तो असा निबंध दोन मिनिटांत देतो."

"आमच्या घरात एकच मोबाईल हाय, त्यो बापाच्या खिशात," गोजरबाई म्हणाली. "तुमी आसं करा. मला इचारा. मला लिवता येत न्हाई, वाचता येत न्हाई. मी तर कुटं बघून सांगनार न्हाई?"

मॅडमना ते पटलं असावं. त्यांनी सृष्टीला गप्प बसायला सांगितलं आणि पेपर ओढून घेतला. "सटल," त्या म्हणाल्या. "याचा अर्थ?"

गोजरबाईनं आठवून बघितलं. असला शब्द कधी कानावरून गेला नव्हता. "ह्यो न्हाई ऐकला."

"अराय?"

"ह्यो बी न्हाई."

सृष्टी खाली मान घालून ओठ चावत होती. दोन हंगाम रोज पहाटे ऐकलं, आणि आज एक म्हणून शब्द ओळखू येईना. लेकीचं वर्ष जाणार, आणि आपल्याच पायी जाणार.

सर आता खुर्चीतून पुढं झुकले. आवाज एकदम मऊ झाला. "जाऊ द्या हो मावशी. तुम्ही कष्टाची माणसं. आम्हाला तुमचा फार आदर आहे. तुमच्याकडून कुणी इंग्रजीची अपेक्षा केलीय का? इथं अंगठा लावा, विषय मिटवू. मुलीला म्हणावं, झेपेल तेवढंच लिहीत जा."

हे ऐकलं आणि गोजरबाईला ती सकाळ आठवली. ऊसतोडीचा मुकादम ट्रॉलीवर उभा राहून खाली बजरंगला म्हणत होता, "बजरंगराव, तुमी हात जोडू नका, तुमीच आमचे मालक." असाच मऊ आवाज. तो गेल्यावर सृष्टीनं हातातलं पान आईला दाखवलं होतं आणि म्हणाली होती, ह्याला शब्द सापडला बघ.

"कॉन्डेस्केंडिंग," गोजरबाई म्हणाली.

"काय?" मॅडम म्हणाल्या.

"सर बोलत्यात ते. कॉन्डेस्केंडिंग. मानूस वाकल्यासारखं करतंय, पन वाकत न्हाई. वरनंच बोलतंय."

"कॉन्डिसेन्डिंग," सर पटकन म्हणाले. "कॉन्डिसेन्डिंग असा उच्चार आहे त्याचा."

मॅडमनी पेपरची पानं उलटली. तिसऱ्या पानावर, मुकादमाच्या वाक्यात, तोच शब्द होता. मग त्यांच्या ध्यानात काहीतरी आलं. पहिल्या पानावर येऊन त्यांनी शब्द लिहिलाय तसा, अक्षर न् अक्षर वाचला. "सबटल?"

"आता कसं," गोजरबाई म्हणाली. "सबटल. दिसत न्हाई, पन आसतंय. दहिवर पडतं तसं."

"आवरी?"

"तिरपं गेल्यालं. मोळीचा येढा चुकला की."

पोरीनं हे शब्द कुणाच्या तोंडून कधी ऐकलेच नव्हते. डोळ्यांनी वाचले आणि स्पेलिंगप्रमाणं म्हटले. मॅडमनी चष्मा काढला. सरांकडं न बघताच त्या म्हणाल्या, "पेपर तपासून मार्क द्या."

कुणालाही वाटेल, इथं मिटलं. पण गोजरबाईचा राग काही कुणाच्या चष्मा काढण्यानं उतरणारा नव्हता. तिनं टेबलावरचा तो कागद उचलून लेकीकडं दिला. "वाच, काय लिवलंय."

सृष्टीनं वाचलं, "विद्यार्थिनीने कॉपी केल्याचे तिच्या आईने मान्य केले."

"फाडून टाका तो," मॅडम म्हणाल्या.

"का म्हनून फाडायचा? एक अक्षर चुकलंय, तेवढं नीट कर. बाकी समदं खरं हाय."

सृष्टीनं सरांच्या पुढ्यातला पेन उचलला. कॉपीची कोपी केली आणि कागद सरकवला.

"लावते मी अंगठा," गोजरबाई म्हणाली. "पन आधी सरांची सही."

सरांनी मॅडमकडं पाहिलं. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. सरांनी सही केली. अंगठ्याची शाई गोजरबाईनं ठेवणीतल्या पातळालाच पुसली, आणि दारात जाऊन वळली.

"उच्चार तुमचा खरा आसंल, सर," ती म्हणाली. "मानूस त्योच."