तनीच्या वेळची कॉफी

चेन्नईत मैलापूरच्या आमच्या संगीत सभेत एक रीत आहे. गायिका थांबली आणि तनी, म्हणजे मृदंगमचं एकट्याचं वादन, सुरू झालं की अर्धं सभागृह उठून कँटीनची वाट धरतं. वडा गरम असतानाच खाल्ला पाहिजे ना! मृदंगम काय, पुढच्या वर्षीही वाजेल.

मी कोदै. मृदंगम वाजवते आणि चांगलंच वाजवते. दुसऱ्याने हे म्हणायची वाट पाहिली असती तर म्हातारी झाले असते. वर्षानुवर्षं मला दुपारी पेंगणाऱ्या पेन्शनरांसमोर बसवलं. या मार्गळीत, म्हणजे डिसेंबरच्या संगीत हंगामात, पहिल्यांदा संध्याकाळ मिळाली, तर सभेचे चिटणीस कस्तुरीरंगन मामा बजावायला हजर.

"हे बघ अम्मा, हॉल रिकामा झाला तर पुढच्या वर्षी परत दुपार. तनी आटोपती घे."

"कोणी उठणार नाही, मामा."

"सगळ्यांच्याच वेळी उठतात. तू कोण मोठी लागून गेलीस?"

आदल्याच आठवड्यात मी सिनेसंगीताच्या कार्यक्रमात मैदानावर वाजवलं होतं. तिथे हात उचलायच्या आधीच शिट्ट्या. लोक नाचतात, गाणं स्वतःच म्हणतात, आपण चुकलो तरी आरडाओरडा तेवढाच. मला तो प्रेक्षक मनापासून आवडतो. पण त्याची सवय मी इथे घेऊन आले. गायिका अलमेलू अक्कांनी गाणं थांबवून मला मानेने खूण केली आणि मी सुरुवातीलाच गडगडाट केला. मैदानात लोक वेडे झाले असते. इथे खुर्च्या करकरल्या आणि रेशमी पट्टुसाड्या दाराकडे निघाल्या.

पहिल्या रांगेतले वरदराजन मामा मात्र मांडीवर ताल देत होते. त्यांचा हात बघून मागचे हात चालतात. ताल सात मात्रांचा, आणि माझ्या धडाक्यात मामा एक मात्रा मागे पडले होते. सगळी पलटण त्यांच्या मागे. इथला रसिक टाळीला कंजूष, पण ताल हातचा सुटला की त्याचा जीव जातो. मामांचा हात हवेतच अडकला.

मी आवाज उतरवला. नवशिक्याला शिकवतात तसे साधे बोल घेतले, आणि जिथे ठोका पडायचा तिथे गप्प राहिले. ती जागा त्यांनी भरायची. मामांचा हात आधी चाचपडला, मग अचूक पडला. मागच्या रांगा सावरल्या. दाराशी पोचलेली मंडळीही थबकली, कारण ताल अर्धवट टाकून जाणं म्हणजे आपल्याला जमला नाही हे चारचौघांत कबूल करणं. एक मामी भिंतीला टेकून पर्सवरच थापा मारू लागली.

मग मी चढवलं, सगळ्यांना सोबत घेऊन. शेवटचा तुकडा तीनदा फिरून समेवर आला तेव्हा हॉलभर हात एकदम पडले. मैदानातल्या कुठल्याही शिट्टीने मला असं सुख दिलं नव्हतं.

"भेष! शाब्बास!" वरदराजन मामा ओरडले. त्यांचे डोळे भरले होते, आणि माझेही.

कचेरी, म्हणजे आमची मैफल, संपल्यावर कस्तुरीरंगन मामा घाम पुसत आत आले. "कँटीनवाला माझ्या उरावर बसलाय. वडे गार, कॉफी तशीच पडून!"

"मग पुढच्या वर्षी दुपार?"

"संध्याकाळ. पण तुझ्या तनीच्या आधी मध्यंतर ठेवावं लागेल."

"आपल्याकडे कचेरीला मध्यंतर नसतं, मामा."

"नव्हतं," मामा चिडून म्हणाले. "आता असेल."